लोक काय म्हणतील!

शांतम् पापम्! कुणाला सांगू नका, पण देवांनी आमचा धंदा पळवलाय.

आमचा म्हणजे थीम पार्कवाल्यांचा. फायबरचे डोंगर, आतून पोकळ किल्ले, बटण दाबलं की जबडा उघडणाऱ्या मगरी... पनवेलजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये वीस वर्षं मी हेच करत बसलोय. गोराईला एस्सेलवर्ल्ड आलं १९८९ मध्ये, खोपोलीला इमॅजिका २०१३ मध्ये. आमच्या आधीच्या पिढीने आणि मग आम्ही गुंतवणूकदारांच्या दारात उभं राहून एकच पाढा घोकला: 'साहेब, आपला माणूस पैसे खर्चून खोटं बघायला येईल हो, नक्की येईल.' साहेब विचारायचे, 'किती येतील?' की आम्ही चहाच्या कपात बघायचो.

आणि इकडे उज्जैन बघा! मध्य प्रदेशच्या पर्यटन खात्याचा २०२४ सालचा आकडा आहे सात कोटी बत्तीस लाख पर्यटकांचा. फ्लोरिडातलं डिस्नेचं मॅजिक किंगडम म्हणजे आमच्या धंद्याची काशी. तिथे वर्षाला साधारण पावणेदोन कोटी माणसं जातात. आता मान्य, तिकडे तिकीट तपासून एकेक माणूस मोजतात आणि इकडे डोकी नजरेने मोजतात. एकच काका सकाळी काकूंबरोबर आणि संध्याकाळी साडूबरोबर मोजले गेले असतील. पण निम्मा आकडा हवेत सोडला तरी मिकीने शेपूट घालावं अशीच स्थिती आहे.

म्हणून डोळ्यांनी बघायला गेलो. उज्जैनला फ्रीगंजमध्ये माझी मावशी असते. लग्न होऊन गेली तेव्हापासून तिथलीच. मराठी बोलते पण त्यावर पोह्यांवर भुरभुरावं तसं माळव्याचं जीरावन असतं. गेल्या गेल्या तिने बातमी दिली, 'अरे, लोक झाल्यापासून लोकांना रस्ता ओलांडता येत नाही.'

मला दोन मिनिटं कळेचना. मग ट्यूब पेटली. हिंदीतलं लोक म्हणजे भुवन: इंद्रलोक, स्वर्गलोक, त्या चालीवर महाकाल लोक. मराठीतलं लोक म्हणजे आपण, म्हणजेच गर्दी. जगात मराठी ही एकच भाषा असावी, जिच्यात सरकारी प्रकल्पाचं नाव हीच प्रकल्पाची तक्रार आहे. मावशीच्या गल्लीत आता तीन घरांवर 'होम स्टे'च्या पाट्या आहेत. समोरच्यांनी देवघराची खोली भाड्याने दिली आणि देव फ्रिजवर नेऊन बसवले. 'लोक काय म्हणतील, काही वाटत नाही का?' असं मावशीने त्यांना विचारलं म्हणे. ते म्हणाले, 'लोकच तर येऊन राहतात!'

तर हा लोक. ११ ऑक्टोबर २०२२ला संध्याकाळी पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. सगळे टप्पे धरून आठशे छप्पन्न कोटींची योजना, त्यातला हा पहिला टप्पा. रुद्रसागर तलावाच्या कडेने महाकालाच्या देवळाकडे नेणारा नऊशे मीटरहून लांब रस्ता. शिरायला नंदीद्वार आणि पिनाकीद्वार अशी दोन दारं, पुढे तांडवाच्या मुद्रा कोरलेले १०८ खांब, भिंतींवर शिवपुराण, मधेमधे त्रिपुरासुराचा वध वगैरे प्रचंड मूर्ती, म्हाताऱ्यांसाठी विजेवरच्या गाड्या आणि रात्री रंग बदलणारा उजेड. मावशी पदर सावरत हात जोडत चालली होती आणि मी, लाज वाटते सांगायला, मनातल्या मनात वह्या भरत होतो. कारण ओळ न् ओळ आमच्या पोथीतली!

दारातून आत आलं की बाहेरचं गाव दिसेनासं होतं? आमच्याकडे हा पहिला नियम. डिस्नेने १९५५ मध्ये डिस्नेलँडभोवती मातीचा उंच बांध घातला, तो एवढ्यासाठीच की आतल्याला बाहेरचे विजेचे खांब दिसू नयेत. दर थोड्या पावलांवर पुढचं काहीतरी डोकं वर काढून खुणावतं? त्याला डिस्नेचा शब्द होता 'वीनी'. घरच्या कुत्र्याला सॉसेजचा तुकडा दाखवला की ते मागोमाग येतं, तसं लांबून एखादा मनोरा दाखवला की माणूस आपसूक चालत राहतो, म्हणून हे नाव. इथे त्रिशूळ, पुढे नंदी, त्यापुढे महादेवाची प्रचंड मूर्ती... मी मावशीला वीनीची गोष्ट सांगितली. कुत्रा आणि सॉसेज ऐकल्यावर तिने कानांवर हात ठेवले आणि मला रुद्रसागराच्या दिशेने नमस्कार करायला लावला.

पण खरी गंमत पुढे आहे. आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं डोकं राइड बनवण्यात जात नाही, रांग बनवण्यात जातं. राइड तीन मिनिटांची आणि रांग दीड तासाची. तेव्हा पैसे देणारा माणूस खरं म्हणजे रांग बघायला आलेला असतो, फक्त हे त्याला कळू द्यायचं नाही. रांग वळवायची म्हणजे तिची लांबी दिसत नाही. भिंतीवर गोष्टीचा पूर्वार्ध रंगवायचा. मधे एक खोली गार, पुढची अंधारी. महाकालाच्या दर्शनाला किती वेळ मिळतो? घड्याळ लावून बघितलं नाही, पण 'चलो, चलो, आगे बढो' या चार शब्दांएवढा. पूर्वी त्याच्या आधी गल्ल्या, रेटारेटी, हारवाले आणि पाकीटमार होते. आता आधी नऊशे मीटर पुराण आहे. म्हणजे लोक ही जगातली सगळ्यात देखणी रांग झाली हो! शेकडो कोटींची प्रतीक्षागृहं विमानतळांनाही क्वचित लाभतात.

आणि रांगेच्या शेवटी काय आहे? इथे मात्र माझी वही मिटली. पायऱ्या खाली उतरतात. ज्योतिर्लिंग जमिनीच्या पातळीखाली, दक्षिणमुखी, अर्ध्या अंधारात. लांबून दिसेल असं त्याचं काहीही नाही. झीज होते म्हणून अभिषेकाच्या पाण्यावर मर्यादा घालायचा प्रश्न २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. माझ्या वीस वर्षांच्या कामात गिऱ्हाइकाने हात लावून लावून वस्तू झिजली म्हणून न्यायालयाला काळजी वाटल्याचा एकही प्रसंग नाही. आमच्याकडे झिजलं की कंत्राटदाराला फोन करायचा, तो पुट्टी मारून जातो.

असो. वरच्या मजल्याचं ऐका. मंदिराला तीन मजले: खाली महाकालेश्वर, मधे ओंकारेश्वर, वर नागचंद्रेश्वर. हा वरचा वर्षातून एकदाच, नागपंचमीला उघडतात. चोवीस तास, मग पुन्हा कुलूप वर्षभर! 'फक्त एक दिवस, चुकवू नका' अशा जाहिराती करायला आम्हाला अमेरिकन सल्लागार लागतात. पहाटे चारची भस्मआरती, तिला आधी नोंदणी. लवकर दर्शन हवं तर अडीचशे रुपयांची पावती. आमच्याकडे तिला फास्ट ट्रॅक म्हणतात आणि वर जीएसटी लावतात. आणि कालभैरव? तिथे देवापुढे मद्याची बशी धरतात आणि ती डोळ्यांदेखत रिकामी होते. माझ्यातला मेकॅनिक वाकून बघायला लागला, तर मावशीने असा चिमटा काढला की अजून निळा डाग आहे. त्यातही खमंग बातमी अशी की १ एप्रिल २०२५ पासून उज्जैनसह एकोणीस ठिकाणी दारूची दुकानं बंद झाली. गाव कोरडं आणि क्षेत्रपाल ओला! यावर फ्रीगंजच्या टॉवर चौकात कचोरी खाताना जी चर्चा चालते ती छापण्याजोगी नाही.

मोबाइलची तऱ्हाही तीच. मंदिरात २०२२च्या डिसेंबरपासून मोबाइलबंदी. लोकात मात्र मोबाइलचाच जागर. नंदीद्वारापाशी एक मुलगी त्रिशूळ हातात असल्याचा आव आणून गिरक्या घेत होती, तिचा भाऊ उलटा चालत शूटिंग करत होता आणि त्यांची आई दोघांच्या चपला धरून उभी होती. त्या बाई मला 'जरा सरका हो' म्हणाल्या. मी म्हणे रीलमध्ये येत होतो. मी देवदर्शनाला आलेला भाविक, आणि मी अडथळा!

बरं, आता ज्या गोष्टीसाठी तुम्ही कान टवकारलेत ती. सप्तर्षी.

२८ मे २०२३. लोक उघडून आठ महिनेही झाले नव्हते. दुपारी वादळ आलं आणि लोकात उभ्या केलेल्या सप्तर्षींपैकी सहा ऋषी जमिनीवर. कुणाचं डोकं, कुणाचा हात वेगळा झालेला. मूर्ती एफआरपीच्या, म्हणजे काचतंतू घातलेल्या प्लास्टिकच्या. विरोधकांनी भ्रष्टाचार म्हटलं, सरकारने वाऱ्याला दोष दिला, लोकायुक्तांनी चौकशी सुरू केली. ते त्यांचं ते बघतील. मी सांगतो ते फक्त शेडमधलं.

एफआरपी वाईट नाही हो, माझी भाकरी त्यावर आहे. आधी मातीत मूर्ती घडवायची, तिच्यावरून साचा काढायचा. साच्यात जेलकोट मारायचा, मग काचेच्या तंतूंची मॅट अंथरायची, रेझिन चोपडायचं, पुन्हा मॅट, पुन्हा रेझिन. त्या मॅटची खाज आठ दिवस जात नाही, अंघोळ करा की गोमूत्र शिंपडा. साचा सोडवला की हातात येतं एक पोकळ टरफल, नारळाच्या करवंटीसारखं. हलकं, स्वस्त, झटपट. रंग दिला की दगड वाटतो, पितळ वाटतं, काय म्हणाल ते वाटतं. पण उघड्यावर उभं करायचं तर त्या टरफलाच्या पोटात लोखंडी सांगाडा हवा, सांगाडा खाली बेसप्लेटला जोडलेला हवा आणि बेसप्लेट जाड अँकर बोल्टनी चौथऱ्याच्या काँक्रीटमध्ये बसवलेली हवी. सांगाडा किती मजबूत, हे मूर्तीच्या वजनावर ठरत नाही, वाऱ्यावर ठरतं. पोकळ आणि पसरट वस्तू म्हणजे शीड. ऋषींची दाढी, जटा, फुगलेली वस्त्रं. वाऱ्याला काय हो, त्याला तप कळत नाही, क्षेत्रफळ कळतं.

आणि मे महिन्यात माळव्यात वादळ येणं ही काय नवलाई? २०१६च्या सिंहस्थात ५ मे रोजी याच गावात वादळाने मंडप कोसळवले होते, माणसंही गेली होती. तिथे मी गंमत करत नाही.

मग असं होतं तरी का? तर मुहूर्त! दगड घडवायला वर्षं लागतात, फायबर आठवड्यात येतं. उद्घाटनाची तारीख ठरली की दगड आपोआप बाद होतो. नंतर दगडातच मूर्ती करायचं ठरलं, हे ऐकून मला माझ्या गिऱ्हाइकांची आठवण झाली. तेही घर पडल्यावरच पायाची चौकशी करतात. यात उज्जैनकरांना हसू नये. डिस्नेलँडच्या पहिल्याच दिवशी, १७ जुलै १९५५ला, ओल्या डांबरात बायकांच्या टाचा रुतल्या होत्या आणि प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ कोरडे होते. आणि आपण मराठी माणसांनी तर तोंडावर पदरच घ्यावा. मालवणला राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ला उभा केलेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ला कोसळला, हे सांगताना माझा आवाज आपोआप खाली येतो.

मावशीचं मात्र या सगळ्यात भलतंच कुतूहल. 'सहा पडले ते कळलं रे, सातवा कसा उभा राहिला?' मी तिला समजावलं, वाऱ्याची दिशा, आडोसा, कदाचित एखाद्या फिटरने त्या दिवशी बोल्ट मन लावून पिळले असतील. तिला पटलं नाही. तिचं मत आहे की सातव्याचं तप खरं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने मला हरसिद्धीला नेलं. तलावाच्या पलीकडच्या अंगाला. देवळापुढे दोन दीपमाळा, आपल्या जेजुरी-कोल्हापुराकडच्या घाटाच्या, मराठ्यांच्या काळातल्या. दिवेलागणीला दोन-चार पोरं त्या दगडी हातांवर पाय देत सरसर वर चढली, तेल घालत, वाती पेटवत. बघता बघता हजारावर दिवे. ना सेन्सर, ना कंट्रोल रूम, ना विम्याचे कागद! आमचा सेफ्टी ऑफिसर तिथे असता तर त्याला झीट आली असती. आणि मी, एलईडीच्या माळा किलोमीटरवर मोजणारा माणूस, मान वर करून उभा. इल्तुतमिशाच्या स्वारीत उद्ध्वस्त झालेलं महाकालाचं मंदिर अठराव्या शतकात पुन्हा बांधलं ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी. गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांचं. म्हणजे या गावाची 'थीम' ठरवण्यात आपल्याच माणसांचा हात. फक्त त्यांनी कामाला सुरुवात रांगेपासून केली नाही, देवापासून केली.

आणि आता साथ पसरली आहे, तिचं काय सांगू! उज्जैनचा लोक गाजला आणि मध्य प्रदेशात लोकांचं पीक आलं. ओरछ्याला रामराजा लोक, सलकनपूरला देवी लोक, चित्रकूटला वनवासी राम लोक. वनवासी रामासाठीही लोक! चौदा वर्षं बिचारे लोकांपासून लांब राहायला गेले होते. नागपूरकरांचं आवडतं जामसावळी, सौसरजवळचं, तिथला मारुती पिंपळाखाली निवांत पहुडलेला. त्याच्याभोवती हनुमान लोक. त्याला उठवू नका म्हणजे मिळवलं. इंदूरला अहिल्याबाईंच्या नावाने लोकाची घोषणा. ज्या बाईंनी काशीपासून देशभर देवळं, घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या आणि बहुतेक ठिकाणी आपलं नावही मोठं केलं नाही, त्यांना शेवटी लोक!

आपणही मागे नाही. पंढरपूरला कॉरिडॉरच्या नकाशावरून रणं माजली. तिथल्या लोकांना माझं, धंदेवाल्या माणसाचं, फुकट मत: पंढरपूरला रांगेचं डिझाइन आधीच झालेलं आहे, आणि ते अडीचशे किलोमीटर लांब आहे. आळंदीहून निघते, अठरा-वीस दिवस चालते, मधे रिंगण, मधे पिठलं-भाकरी, आणि त्या रांगेत एकाही माणसाने 'अजून किती वेळ?' असं विचारलेलं ऐकिवात नाही. दिल्लीच्या अक्षरधाममध्ये २००५ पासून बोटीची राइड आहे, शिर्डीत साईतीर्थ आहे. ती मंडळी सरळ तिकीट लावतात, हा खेळ आहे असं सांगतात, माझं काही म्हणणं नाही. शेगावकरांनी आनंदसागर बांधलं तेही बाग म्हणूनच, आणि कागदाचा कपटा दिसला तर सेवेकरी उचलायचा. माझी बोंब वेगळीच आहे. ज्याला त्याला नऊशे मीटर रांग हवी आहे. रांगेच्या टोकाशी काय ठेवणार, हे विचारलं की सगळे त्याच नजरेने बघतात, ज्या नजरेने मी एके काळी चहाच्या कपात बघत होतो.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही फ्रीगंजला पोहे-जिलेबी खात होतो आणि फोन वाजला. आपल्याकडच्याच एका तालुक्याच्या गावातले देवस्थानचे विश्वस्त. गावाचं नाव सांगत नाही, तुमचंही असू शकेल. देवळाला नदीकाठी अडीच एकर मिळाले आहेत, आमदार साहेबांची इच्छा आहे, आचारसंहितेच्या आत नारळ फुटला पाहिजे. मी स्पीकर चालू केला, कारण हात पाकात बरबटले होते.

'साहेब, आपल्याला पण लोक करायचाय. उज्जैनसारखा. खांब नको एवढे, बजेट नाही. पण सप्तर्षी पाहिजेत. फायबरमध्ये सातही ऋषी कितीला पडतील?'

मावशीने जिलेबी मोडता मोडता फोनकडे तोंड नेलं आणि म्हणाली, 'सातही नाही हो पडत. सहाच पडतात.'